अप्पांच्या मापाची गाडी

मला गाडी चालवता येते, पण फक्त मागं. पुढं नेता येत नाही. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की माणूस आधी हसतो, मग असं कुणी शिकवलं म्हणून विचारतो, आणि मग अप्पांविषयी सांगावं लागतं. अप्पांविषयी थोडक्यात सांगता येत नाही. मी पुष्कळदा करून बघितलंय. चहा गार होतो, समोरच्याची एसटी निघून जाते, आणि माझी गोष्ट अजून अप्पांच्या तेलघाण्याच्या दारातच असते.

मी मूळचा येडशीचा. आमच्याकडं रेल्वे होती, त्यामुळं मी स्वतःला जरा पुढारलेला समजायचो. पहिलीच नेमणूक झाली ती जळकोटच्या अलीकडं, हमरस्ता सोडून आत असलेल्या एका गावात, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून. राहायला खोली मिळाली अप्पांच्या वाड्यात. वाडा कसला, पुढं तेलघाणा, मागं दोन खोल्या आणि मधल्या अंगणात ती गाडी. मी सामान घेऊन दारात गेलो तेव्हा गाडी चालू होती. म्हणजे इंजिन चालू होतं, मागचं एक चाक गरागरा फिरत होतं, आणि गाडी मात्र जागच्या जागी विटांच्या थरावर उभी. त्या फिरणाऱ्या चाकावर पट्टा चढवलेला, पट्टा भिंतीच्या भोकातून आत गेलेला, आणि आत त्याच्यावर घाणा चाललेला. मागच्या सीटवर एक बाई मांडी घालून करडई पाखडत बसल्या होत्या. त्या अव्वा. अप्पांच्या पत्नी.

"कुठं निघालाव?" मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"कुठं जातीया," अव्वा म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं हितंच हाय."

गाडी अमेरिकन होती. लांबीला आमच्या सोसायटीच्या गोदामाएवढी, मागं माशाच्या शेपटीसारखे दोन पंख, आणि पुढं आठ सिलिंडरचं इंजिन. निजामाचं राज्य गेल्यावर हैदराबादेत कुणा बड्या कंत्राटदारानं मागवलेली. अप्पा हैदराबादला गेले होते घाण्यासाठी इंजिन आणायला. बाजारात एकेक इंजिन बघितलं, एकही मनात भरेना. शेवटी जे भरलं ते या गाडीच्या पोटात होतं. अप्पांनी ते काढून आणायचं ठरवलं, पण काढायला गेले आणि हात धजेना. म्हणून मग इंजिनाभोवती जी गाडी होती तीही आणली. हे त्यांच्याच तोंडचे शब्द. गाडी विकत घेतली असं ते कधीच म्हणाले नाहीत.

पेट्रोलवर सुरू करायची आणि रॉकेलवर चालवायची. धूर असा व्हायचा की वाड्यातली चिमणी कधी स्वच्छ दिसली नाही, म्हणजे पक्षी म्हणतोय मी. अप्पा कपाळाला विभूती लावायचे तेव्हा बोटाला राहिलेली गाडीच्या नाकाडावर ओढायचे. गाडीशी ते कानडीत बोलायचे. आमच्याशी मराठी, बाजारात उर्दू, गाडीशी कानडी. "नडी, नडी," म्हणजे चल, चल. ती उभी असायची विटांवर, आणि हे तिला चल म्हणायचे.

त्यांची दुसरी एक सवय होती, ती कळायला मला महिना गेला. अप्पांना काही विचारलं की ते उत्तर द्यायचे नाहीत. नुसते बघायचे. माणसाला वाटायचं, ऐकू आलं नसेल, किंवा राग आला असेल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही दारात दंतमंजन लावत उभे असताना, अप्पा समोर येऊन म्हणायचे, "न्हाय." किंवा "व्हय." किंवा "मंगळवारी." झालं. मग काल आपण काय विचारलं होतं ते आपण आठवायचं. घाईनं उत्तर दिलं की ते कच्चं असतं, असं त्यांचं म्हणणं. "घाई कुनाला हाय?" हे तर दिवसातून दहादा. सोसायटीच्या मीटिंगला ते संचालक म्हणून बसायचे. ठरावाला सगळे हात वर करायचे, अप्पा मांडीवर हात ठेवून बसलेले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंडात फेस घेऊन उभा असताना समोर अप्पा, उजवा हात वर केलेला, एक शब्द न बोलता. मी मान हलवली की हात खाली. तो मी ठरावात धरायचो.

अव्वांनी या सवयीशी कसं जमवून घेतलं होतं कुणास ठाऊक. त्यांचं एकच मागणं होतं, ते त्या वर्षातून एकदा, बहुधा पंचमीच्या सुमारास, मांडायच्या. गावाबाहेरच्या वघळीपलीकडं, म्हणजे ओढ्यापलीकडं, त्यांचा मळा होता. मळ्यात एक चिंच होती. गाडी विटांवरनं खाली उतरवा आणि मला एकदा तिच्यातनं मळ्याला न्या, एवढंच. अप्पांचं उत्तर दरसाल दुसऱ्या दिवशी यायचं, आणि ते "फुडल्या साली" असं असायचं. घाणा थांबवून चालत नव्हतं, ही गोष्टही खरी होती.

मी त्या गावात राहायला गेलो त्या पावसाळ्यात अव्वांनी पुन्हा विचारलं. मी अंगणातच होतो. "औंदा तरी उतरवताव का गाडी?" असं त्या सुपातले खडे बाजूला काढत म्हणाल्या. अप्पा बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आत गेले ते "व्हय, उतरवतो" म्हणायलाच गेले होते. मला त्यांनी नंतर कधीतरी सांगितलं. अव्वा रात्री झोपेतच गेल्या होत्या.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. बसवून नेतात, मांडी घालून, हारतुऱ्यांत, विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत. आणि बसवूनच मातीत ठेवतात. अप्पांनी विमान बांधू दिलं नाही. पट्टा काढला, विटा काढल्या, गाडी जमिनीवर आणली, आणि अव्वांना मागच्या सीटवर, त्यांच्या नेहमीच्या जागी बसवलं. भजन पुढं, गाडी मागं, गाव तिच्या मागं. गावातनं नीट गेली. वघळीत उतरली आणि फसली. काळी माती, वर दोन दिवसांचा पाऊस. मागची चाकं तिथल्या तिथं फिरायला लागली. इतकी वर्षं घाण्याला फिरत होती तशीच. अप्पा आत बसून "नडी, नडी" म्हणत होते आणि गाडी खाली खाली चालली होती. शेवटी चार जणांनी अव्वांना अलगद बाहेर घेतलं आणि खुर्चीवर बसवून मळ्यात नेलं. चिंचेखाली त्यांना ठेवलं.

अप्पा सगळं होऊन परत आले आणि वघळीत गाडीपाशी बसले. मी त्यांना उठवायला गेलो.

"उतरून गेली," ते म्हणाले. "माझ्या गाडीतनं उतरून गेली ती."

पहिल्यांदाच त्यांनी कुणी न विचारता, त्याच दिवशी, काही सांगितलं होतं.  

गाडी बैलांनी ओढून वाड्यात आणली तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस ती विकून टाकेल. आठवड्यानं त्यांनी मला बोलावलं आणि सरळ सांगितलं, "सेक्रेटरी, मला मूलबाळ न्हाय. मी गेलो की मला हिच्यातनंच मळ्यात न्यायचं. तिच्या शेजारी. अन् मधी उतरवायचं न्हाय." यापुढं त्यांच्या आयुष्यात तेवढं एकच काम उरलं. गाडी वघळ पार करायला पाहिजे.

तिथून जो सगळा तमाशा सुरू झाला त्यात सोसायटीही ओढली गेली. आमच्या सोसायटीला वरून एक ट्रॉली मंजूर होऊन आली होती. ट्रॅक्टर मागाहून येणार होता. तो येणार येणार म्हणून ट्रॉली गोदामाशेजारी उभी होती, तिच्यात शेळ्या बसायच्या आणि तिच्या सावलीत संचालक. तिची चाकं रुंद, जाडजूड. अप्पांचा डोळा त्या चाकांवर गेला. दुष्काळ पडला आणि ट्रॅक्टरची आशा सुटली तेव्हा ट्रॉली मोडीत काढायचा ठराव आला. चाकांच्या लिलावाला दुसरं कुणी आलंच नाही. अप्पा मात्र बोली बोलायला दुसऱ्या दिवशी सकाळी आले. मी पावती केली.

आता चाकं आली, पण गाडीच्या मागच्या पत्र्यात ती मावेनात. चाकावर जी पत्र्याची कमान असते, मडगार्डच्या आतली, ती अरुंद. त्यासाठी जळकोटच्या नाक्यावरचा वेल्डिंगवाला आला. त्याला सगळे मामू म्हणायचे. मामू वयानं माझ्याएवढाच, पण नेहमी कपाळाला आठ्या, कारण त्याच्याकडं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आपलं काम आधी दुसरीकडं बिघडवून आणायचं. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "आसान है अप्पा. भायरसे काट देता. चाक भायर निकलने देव."

अप्पा बघत राहिले. म्हणजे मामूला दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं.

"भाईरनं न्हाय," दुसऱ्या दिवशी अप्पा म्हणाले. "दारातनं निघनार न्हाय गाडी."

खरंच होतं. वाड्याचं दार गाडीला घासूनपुसून पुरत होतं, बाजूला एक बोट जात नव्हतं. म्हणजे रुंदी वाढवायची ती आतल्या बाजूला. कमानी आत घ्यायच्या, गाडीच्या पोटात. मामूनं सीटकडं बघितलं.

"अंदर लिए तो पीछे बैठेगा कौन? दो आदमी नई बैठते अप्पा. एकीच बैठता."

"एकच जानार हाय की," अप्पा म्हणाले. हे मात्र लगेच म्हणाले.

घाणा बंदच होता. शेंगा नाहीत, करडई नाही, कशाचं तेल काढणार? तेलाची रिकामी पिंपं पडून होती. मामूनं एक पिंप उभं कापलं. त्याच्या दोन अर्ध्या नळ्या झाल्या, आणि त्या दोन चाकांवर दोन कमानी म्हणून बसवायचं ठरलं. पत्रा आधीच वळलेला, हातोडी मारायची गरज नाही. मामू स्वतःवर इतका खूश झाला की त्या दिवशी त्याच्या आठ्या दुपारपर्यंत गायब होत्या.

मधे जागा किती सोडायची हा प्रश्न होता. अप्पा म्हणाले, "माप घे." आणि मागच्या सीटवर मधोमध मांडी घालून बसले. पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे मिटलेले. हे कसलं माप ते गावात सगळ्यांना कळत होतं, पण मामू हमरस्त्यावरचा, त्याला कळायला वेळ लागला. तो दोन्ही बाजूंनी पत्रे लावून बघत होता आणि म्हणत होता, "अप्पा, पाँव खाली सोडो ना. गाडी में कौन मांडी घालके बैठता?"

"मी," अप्पा म्हणाले. "अन् तवा पाय खाली सोडता येनार न्हाईत."

मामूचा हात थांबला. मग त्यानं चष्मा डोळ्यावर घेतला आणि इतकंच म्हणाला, "हिलो नक्को." ठिणग्या उडत होत्या, अप्पांच्या धोतरावर ओलं पोतं टाकलेलं होतं, आणि ते शिंप्याकडं कोटाचं माप द्यायला बसावं तसे बसले होते. टाके मारून झाले आणि अप्पा उठायला गेले, तर उठता येईना. मी आणि मामूनं दोन्ही हात धरून ओढलं. "बराबर हाय," अप्पा धापा टाकत म्हणाले. "हलनार न्हाय." त्या कमानींना शेवटपर्यंत करडईच्या तेलाचा वास होता. तेवढी रुंद चाकं आत गेल्यावर गाडी मागून एखाद्या जाड बाईनं पदर खोचून बसावं तशी दिसायला लागली.

गाडी तयार झाली आणि वघळीत चिखलच नव्हता. बहात्तरचा दुष्काळ होता तो. वघळ अशी फुटली होती की भेगेत हात जावा. अप्पांनी गाडी नेली, अगदी आरामात पलीकडं गेली, अव्वांपर्यंत पोचली. गाव म्हणालं, झालं की अप्पा. अप्पांचं समाधान नाही. "ह्या भुईवरनं बैलगाडी पळंल. मी काय उन्हाळ्यातच मरनार हाय का?"

त्यांना चिखल पाहिजे होता. सगळा तालुका पाण्यासाठी आभाळाकडं बघत होता, आणि अप्पा चिखलासाठी.

एक दिवस टँकर आला. पारावर घागरींची रांग. अप्पा ड्रायव्हरपाशी गेले आणि म्हणाले, "येक टँकर वघळीत वत." त्यांचं नशीब की ड्रायव्हर हसला, कारण रांगेतल्या बायका हसल्या नाहीत. सगळ्यांत पुढं एक म्हातारी होती, खडी फोडायच्या कामावर जायची, हात लाकडासारखे झालेले. तिनं घागर खाली ठेवली आणि कमरेवर हात घेतले.

"अप्पा, पोरास्नी प्यायला न्हाय अन् तुमी चिखल करताव? अव्वा असती तर तिनं तुमाला घरात घेतलं नसतं."

अप्पा बघत राहिले. दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा ते आपणहून रांगेपाशी गेले, म्हातारीसमोर उभे राहिले, म्हणाले, "बरोबर हाय तुमचं," आणि परत फिरले.

पण चिखल त्यांच्या डोक्यातनं गेला नाही. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या न्हाणीत गुळाची जुनी काहील आली. "सेक्रेटरी," अप्पा म्हणाले, "आंगूळ हिच्यात बसून करा. उभ्यानं केली की पानी उडतंय. मोरीत सोडू नका." आता मी सोसायटीचा सेक्रेटरी, माझ्या सहीनं पोत्यावारी अमेरिकेहून आलेली मिलो ज्वारी वाटली जायची, आणि मी रोज सकाळी तांब्याभर पाण्यात काहिलीत उकिडवा बसून आंघोळ करतोय, आणि दाराबाहेर अप्पा बादली घेऊन उभे. जरा जास्त वेळ लागला की बाहेरून विचारायचे, "साबन लावलाव का? लावा. साबनानं निसरडं होतंय." आंघोळ करायचीच चोरी झाली. अप्पांनी स्वतःची आंघोळ पूर्ण सोडली होती, आपल्या वाट्याचं पाणी थेट वघळीत. त्यांच्या शेजारून जाताना मी श्वास धरायचो.

गावात हे पसरायला वेळ लागला नाही. आधी लोक हसले. मग एक दिवस ती खडी फोडणारी म्हातारी कपडे धुतलेल्या पाण्याची बादली घेऊन आली आणि अप्पांच्या पिंपात ओतली. "कुनाच्या प्यायचं न्हाय हे," ती म्हणाली. "अव्वानं माज्या बाळंतपणाला तेल धाडलं हुतं." जनावरं छावणीला गेलेली, खरकटं पाणी प्यायलाही घरी कुणी नव्हतं. मग घराघरातनं येऊ लागलं. कुणाचं भांडी धुतलेलं, कुणाचं पाय धुतलेलं. रोज संध्याकाळी ते वघळीत नेऊन ओतायचं आणि वर ओली पोती टाकायची, ऊन लागू नये म्हणून. असला चिखल जगात कुणी केला नसेल.

ठरलेल्या दिवशी पोती काढली. गाडी दोन लांब पावलं टाकेल एवढाच तो पट्टा, पण खरा काळा चिखल. आख्खं गाव जमलं. गाडी बघायला म्हणून आले होते, पण बघत होते चिखलाकडं. किती महिन्यांत कुणी ओली माती बघितली नव्हती. एका म्हाताऱ्यानं खाली वाकून मूठभर उचलली आणि नाकाशी धरली.  मीही वाकून चिमूटभर उचलली. माझ्याच आंघोळीचं पाणी होतं ते, तरीसुद्धा.

अप्पांनी गाडी सुरू केली. "नडी, नडी." गाडी आली. पुढची चाकं चिखलात गेली, आणि फसली. मागची नवी रुंद चाकं कोरड्या जमिनीवर ताठ उभी, एवढी तयारी त्यांची, आणि चिखलाला शिवायचीही वेळ आली नाही. आठ सिलिंडरचं ते इंजिन बरोब्बर पुढच्या दोन अरुंद चाकांवर बसलं होतं. ती घंगाळाच्या कडेएवढी चाकं त्या वजनानं सुरीसारखी मातीत गेली.

गाव इतकं हसलं की दुष्काळात तेवढं कुणी हसलं नसेल. म्हातारी तर खालीच बसली. मीही हसलो. एक जण म्हणाला, "अप्पा, फुडं बी जाड चाकं घाला की."

"ट्रॉलीला चाकंच दोन," अप्पा म्हणाले, आणि गाडीतनं उतरून घरी चालत गेले.

मामू आठ्या घालून गाडीखाली वाकून बघत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात अप्पा.

"मागनं," ते म्हणाले.

"काय मागनं?"

"गाडी. मागनं न्हेऊ. जाड चाकं म्होरं जातील. हडकुळी मागनं वडत येतील."

मी चूळ न भरता तसाच त्यांच्याबरोबर गेलो. गाडी माणसांनी दोर लावून ओढून काढली, फिरवली, शेपटी वघळीकडं आणि तोंड गावाकडं. मामू पलीकडच्या काठावर जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात हलवत ओरडायला लागला, "आने दो… आने दो… आने दो…" ती रुंद चाकं चिखलात शिरली, जरा बसली, आणि चालत राहिली. पुढची दोन मागून निमूट ओढली गेली. मामू उलटा चालत होता, गाडी उलटी चालत होती, आणि गाव सुलटं चालत तिच्या मागं. चिंचेपाशी आल्यावर मामूनं डिकीवर दोन थापा मारल्या. "बस."

अप्पा उतरले. अव्वांच्या मातीपाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "उतरवली." मग मागच्या सीटवर त्या दोन अर्ध्या पिंपांच्या मधे जाऊन मांडी घालून बसले. आम्ही सगळे परत आलो. ते संध्याकाळी आले.

पुढं पाऊस झाला, पिकं आली, वाड्यात वीज आली आणि घाण्याला मोटर बसली. गाडीला आता कामच नव्हतं. अप्पा दर सोमवारी तिच्यातनं मळ्याला जायचे. जाताना उलटे, आणि मळ्यातल्या खळ्यावर फिरवून येतानाही उलटे, कारण वघळ मधेच होती. गावाला सवय झाली. परगावचा पाहुणा मात्र पारावरून उठून उभा राहायचा.

एका सोमवारी मी त्यांना विचारलं, "अप्पा, तुमच्यामागं ही गाडी उलटी चालवणार कोण?" ते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात येऊन त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली.

"तुमी."

मी म्हटलं, मला सायकलसुद्धा धड येत नाही. पण त्यांनी शिकवलं. फक्त रिव्हर्स. मी एकदा म्हटलं, पुढं न्यायलाही शिकवा की. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "फुडं जायला तुमाला एसटी हाय."

अप्पा गेले ते भर श्रावणात, वघळ काठोकाठ चिखलानं भरलेली असताना, जशी त्यांना भीती होती तसंच. आंघोळ घातली, विभूती लावली, हार घातले, आणि गाडीत बसवायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की ते मावत नाहीत. माप घेतलं होतं दुष्काळात. मधल्या वर्षांत ज्वारी पिकली होती, घाण्याला वीज होती, आणि अप्पा अंगानं चांगले भरले होते. मामूला निरोप गेला. तो आला, त्यानं बघितलं, आणि पहिल्यांदा त्याला रडू आलं आणि मग हसू. पत्रा कापायला वेळ नव्हता. शेवटी त्यांच्याच घाण्याचं करडईचं तेल दोन्ही कमानींना चोळलं आणि अप्पांना हळूहळू आत सरकवलं. बसले. ताठ बसले, इतके की मागं टेकूसुद्धा लागला नाही.

कुणीतरी म्हणालं, माणसाला उलटं न्यायचं हे बरं दिसत नाही. सगळ्यांनी विधी करायला आलेल्या स्वामींकडं बघितलं. स्वामींनी गाडीकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं. "गावाकडं तोंड करून चाललेत की," ते म्हणाले. "त्यात वाईट काय हाय?"

मी गाडी सुरू केली. रिव्हर्स नेताना माणसाला मागं वळून बसावं लागतं. मी वळलो, आणि समोर अप्पा. हातभर अंतरावर, हारात, डोळे मिटलेले. मागची काच त्यांच्यामुळं पूर्ण झाकलेली. मला रस्ता दिसत नव्हता, फक्त ते दिसत होते. गाडीमागून मामूचा आवाज येत होता, "आने दो… आने दो…" आणि मी त्या आवाजावर गाडी नेत होतो. पुढच्या काचेसमोर सगळं गाव चालत येत होतं, आणि अप्पा त्यांच्याकडं तोंड करून. वघळीत उतरलो. चाकं बसली. इंजिन घुमलं. मला कानडी येत नाही, पण मी अप्पांच्या तोंडाकडं बघत म्हणत होतो, "नडी, नडी." गाडी वर आली. मधे कुठंही त्यांना उतरवावं लागलं नाही.

डिकीवर दोन थापा पडल्या. "बस."

आणि मग अप्पा निघेनात. चार जणांनी हात लावला, मामूनं खांदा लावला. गाडीनं त्यांना असं धरलं होतं की इंचभर हलू देईना. तेल आणायला माणूस गावात पळाला. स्वामी म्हणाले, उशीर होतोय, दिवस मावळायच्या आत व्हायला पाहिजे. लोक चुळबुळ करायला लागले. ती खडी फोडणारी म्हातारी चिंचेला टेकून बसली होती. ती म्हणाली, "बसू द्या की त्यास्नी जरा. घाई कुनाला हाय?"

 मी ड्रायव्हरच्या सीटवर तसाच मागं वळून बसलेलो होतो. गाडी बंद होती. उभ्या गाडीत मागं अप्पा, आणि दोन हातांवर अव्वा. मी हळूच विचारलं, "अप्पा, नीट आणलं ना मी?"

तेल आलं. पुढचं सगळं रीतीप्रमाणं, उजेडात पार पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी उठलो. दार उघडलं आणि दंतमंजन लावून उंबऱ्यात उभा राहिलो. अंगणात गाडी नव्हती, ती मळ्यातच राहिली होती. मी तोंडात फेस घेऊन बराच वेळ उभा होतो. चूळ भरायचं माझ्या लक्षातच आलं नाही.